दारावरची चुंबळ

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी खोबरेल तेलाची बाटली उपडी केली आणि तेल खाली आलंच नाही. तळाशी पांढरं, घट्ट, मेणासारखं बसून राहिलं होतं. ठाण्यात थंडी आली हे मला दरवर्षी या बाटलीवरून कळतं. खोबरेल साधारण २४ अंशांना थिजतं, म्हणजे त्यासाठी हुडहुडी भरवणारा गारठा लागत नाही. पण आमच्या वाट्याला येणारी थंडी तेवढीच, आणि मला ती फार आवडते. बाटली गरम पाण्याच्या तांब्यात उभी करायची आणि तेल सुटेपर्यंत गॅलरीत उन्हाला पाठ देऊन बसायचं. ती दहा मिनिटं कुणी मागितली तरी मी देणार नाही.

मग बाकीच्या खुणा एकेक करून येतात. भाजीवाल्याकडे हरभऱ्याच्या जुड्या, पावट्याच्या शेंगा, हातगाडीवर बोरांचा ढीग. ऐरोलीच्या पुलावरून ओहोटीच्या वेळी गेलं तर खाडीच्या चिखलावर लांबवर गुलाबी रेघ दिसते, ते रोहित पक्षी. त्यांच्या या मुक्कामाची तर सरकारदरबारी नोंद झाली आहे. खाडीच्या त्या पट्ट्याला २०१५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर केलं आणि २०२२ मध्ये रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत त्याचं नाव गेलं. घराच्या दारावर मात्र थंडीची काहीच खूण नसते. पाडव्याला तोरण, दसऱ्याला झेंडू आणि आंब्याची पानं, दिवाळीला कंदील. हे सगळं सणांचं. सण झाला की उतरवायचं. हे दोन-अडीच महिने गार, कोरडे, स्वच्छ उन्हाचे दिवस आले आहेत, म्हणून दारावर काही लावावं अशी आपल्याकडे रीत नाही. गेल्या वर्षी मला ते लावावंसं वाटलं.

असं काही दारावर पहिल्यांदा पाहिलं ते ठाण्यातल्याच चरईत. आमचं बालपण तिथल्या एका बैठ्या घरात गेलं. शेजारी एक ईस्ट इंडियन कुटुंब होतं. उत्तर कोकणातले, घरात मराठी बोलणारे हे ख्रिस्ती लोक. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतलं, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा त्या आमच्या शेजारच्या मावशी होत्या, बस्स. डिसेंबर लागला की त्यांच्या दारावर एक हिरवा गोल यायचा. त्यावर लाल फीत आणि मधोमध एक छोटी घंटा. तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमध्ये मध्यरात्रीच्या मिस्साला जायच्या आधी मावशी आमच्याकडे फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि खजुराचे रोल पाठवायच्या, वर क्रोशाचा रुमाल घालून. ती बशी आईने कधी रिकामी परत केली नाही. तिळाच्या वड्या तरी जायच्याच. तो गोल मात्र मी नुसता बघायची. दार उघडलं की घंटा एकदाच किणकिणायची, आणि तेवढ्यासाठी मी उगीच त्यांच्याकडे साखर मागायला जायची.

मावशींची मुलगी माझ्या वर्गात होती. ती आता वसईला असते. तिला फोन करून विचारलं, तर आधी तिने माझा घोळ निस्तरला. दारावर टांगतात तो गोल वेगळा आणि टेबलावर मेणबत्त्या लावून ठेवतात तो वेगळा. टेबलावरचा आगमनकाळाचा. त्याच्यावर चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक पेटवत जायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. या टेबलावरच्या गोलाचा उगम मी नंतर वाचला आणि तो मनात घर करून राहिला. १८३९ मध्ये हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न नावाचे एक पाद्री गरीब मुलांसाठी घर चालवत. नाताळला किती दिवस राहिले, असं मुलं रोज विचारून भंडावून सोडायची. तेव्हा त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं आणि त्यावर मेणबत्त्या उभ्या केल्या. वीस लहान लाल, रोजच्या दिवसांसाठी, आणि चार मोठ्या पांढऱ्या, रविवारांसाठी. पुढे जगभर पसरलेली ही गोष्ट सुरू झाली ती अडगळीतल्या चाकापासून. दारावरच्या गोलात तिकडे फर, पाइन, हॉली, आयव्ही यांच्या डहाळ्या असतात, कारण बर्फात बाकी झाडं उघडी पडतात आणि हिरवं राहतं ते एवढंच.

आमच्याकडे थंडीत झाडं तशी उघडी पडत नाहीत. उलट आंब्याला मोहोर येतो, आणि जानेवारी सरता सरता सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लाल फुलं उमलतात. त्यामुळे बाजारात मिळणारी प्लॅस्टिकची पाइनची पानं आणून लावण्यात मला काही अर्थ वाटेना. वर कापसाचा बर्फ, तो तर नकोच. या गावात या दिवसांत जमिनीवर जे पडलेलं असतं, त्याचाच गोल करायचा, असं ठरवलं.

एका बुधवारी जांभळी नाक्यावर गेले. मार्गशीर्ष चालू होता, उद्याच्या गुरुवारसाठी बायांची झुंबड उडाली होती. पाच तऱ्हेच्या पानांच्या जुड्या, केळी, नारळ, वेण्या. झेंडूने नेहमीप्रमाणे भाव खाल्ला होता. त्याच गल्लीत पुढे चांदण्या आणि नाताळचे कंदील लटकत होते. एकच बाई एका हातात महालक्ष्मीच्या पूजेची पत्री आणि दुसऱ्या हातात नातवासाठी लाल टोपी घेऊन चालली होती. मी सुतळीचा गुंडा घेतला २० रुपयांचा, हार्डवेअरच्या दुकानातून बांधणीची बारीक तार ३० ची, डझनभर पितळी घुंगरू ५० चे आणि कुंकवाच्या रंगाची फीत ४० ची. झाले १४०. फेविकॉल घरात होता. याच्यापेक्षा जास्त खर्च मला करायचा नव्हता आणि करावाही लागला नाही.

पहिला प्रयत्न फसला. लाँड्रीतून येणारा तारेचा हँगर वाकवून गोल केला, त्याला सुतळी गुंडाळली आणि वर एकेक वस्तू बांधत गेले. गुळगुळीत तारेवर सुतळीच सरकत होती. भिंतीला टांगल्यावर सगळा भार घसरून खाली जमा झाला, वरची तार उघडी पडली आणि गोलाचा पेरू झाला. तो घेऊन मी जमिनीवर बसले होते, तेवढ्यात आई बाहेर आली.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. ती हातातल्या गोलाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हे दारावर लावणार आहेस? पुष्पचक्र?"

मी काही बोललेच नाही. बाबा गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातल्या मंडळींनी पुष्पचक्र आणलं होतं. हिरव्या पानांच्या गोलावर पांढरी शेवंती, आडवी जांभळी फीत आणि त्यावर सोनेरी कागदाची अक्षरं. बाबांना बाहेर नेताना ती फीत आमच्या दाराच्या कडीत अडकली. सगळे खांदेकरी उंबऱ्यात थांबले आणि कुणीतरी ती सोडवली. तेवढा वेळ आई त्या दाराकडे बघत उभी होती. आज तिच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला न सांगता कळलं.

पुढे कितीतरी वेळ मी त्या शब्दाचाच विचार करत राहिले. मराठीत फुलापानांच्या गोलाला शब्द आहे तो हाच, आणि तो आपण फक्त जाणाऱ्या माणसासाठी ठेवला आहे. पुष्पचक्र वाहतात किंवा अर्पण करतात. पुष्पचक्र लावलं, टांगलं, असं कुणी म्हणत नाही. गळ्यात घालायचा तो हार, केसांत माळायचा तो गजरा, दारावरचं ते तोरण. आनंदाने दारावर टांगायच्या गोलाला शब्दच नाही. मग आईने काय म्हणावं? मी तो हँगर सोडवून ठेवून दिला. वर्षभर थांबू, किंवा राहू दे, असंही मनात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तोच वाकलेला हँगर हातात घेऊन आई माझ्याजवळ आली. "याला धर नाही," ती म्हणाली. "नुसती तार. वस्तू बसणार कशावर? थांब, मी चुंबळ करून देते. तिच्यावर लाव तुला काय लावायचं ते."

चुंबळ! हंड्याखाली, पाटीखाली डोक्यावर ठेवतात ती कापडाची गोल वेटोळी. आई जुन्नरकडची. लग्न होऊन ठाण्याला येईपर्यंत तिने विहिरीवरून पाणी आणलं आहे, डोक्यावर दोन हंडे आणि काखेत कळशी. वयाच्या आठव्या वर्षापासून तिला चुंबळ वळता येते. मी मात्र तिला ती वळताना कधीच पाहिलं नव्हतं. ठाण्यात आल्यावर पाणी नळाला आलं आणि चुंबळीचं काम संपलं.

पेंढा घरातच होता. मे महिन्यात हापूसच्या पेटीतून येतो तो पेंढा आई कधी टाकू देत नाही. पोत्यात भरून माळ्यावर ठेवते. पुढच्या वर्षी कच्चे आंबे आले की अढी घालायला उपयोगी पडतो, असं तिचं म्हणणं. पोतं खाली काढलं. तिने पेंढ्यावर पाणी शिंपडलं आणि ओल्या फडक्याखाली तासभर दडपून ठेवला. सुका पेंढा वळताना मोडतो, भिजलेला वळतो. थंडीत तिच्या बोटांचे सांधे धरतात, म्हणून मधल्या वेळात तीही कोमट पाण्यात हात घालून बसली. मग मुठीएवढ्या दोन पेंढ्या घेतल्या. प्रत्येकीला उजवीकडे पीळ देत गेली आणि दोन्ही एकत्र करताना त्यांना डावीकडे पीळ दिला. "दोन्ही पीळ एकाच अंगाला दिलेस तर सोडल्याबरोबर उलगडेल. उलटसुलट दिलास की एक दुसऱ्याला धरून ठेवतो." दोराचं सगळं शास्त्र एवढंच, आणि ते मला पन्नाशीत कळलं. माप म्हणून दुधाचं मोठं पातेलं घेतलं, त्याच्या काठाभोवती पीळ फिरवला आणि टोकं एकमेकांत खुपसली.

त्यावर जुन्या सुती पातळाच्या चार बोटं रुंद पट्ट्या, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवत, ताणून. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा मी गाठ मारायला दोरा पुढे केला. तिने माझा हात बाजूला सारला.

"गाठ नाही मारायची. डोक्याला टोचते."

तिने टोक आतल्या वेढ्याखाली अंगठ्याने दाबत, थोडं थोडं सरकवत आत घातलं. चुंबळ पालथी घातली, उलथी घातली. टोक कुठे गेलं ते मला सापडेना. ही काही कुणाच्या डोक्यावर जाणार नव्हती, दारावरच टांगायची होती, पण तिच्या हाताला चुंबळ एकाच तऱ्हेने ठाऊक होती. तिने ती उचलून सहज स्वतःच्या डोक्यावर ठेवून पाहिली, मान इकडे तिकडे केली आणि माझ्याकडे दिली. घट्ट, जड, हातात भरणारी. हँगरशी तिची बरोबरीच नव्हती.

वरच्या साजाचं सामान मी नोव्हेंबरपासून जमवत होते. येऊरच्या बाजूला भरपूर मिळेल असं मैत्रिणी म्हणाल्या, पण तो डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि जंगलात पडलेली शेंगही जंगलाचीच असते. तिथलं काही उचलायचं नाही हे मी मनाशी पक्कं केलं होतं. रस्त्यावर पडतं तेवढं पुरेसं आहे. आमच्या रस्त्याला दोन ताम्हणं आहेत. ताम्हण हे महाराष्ट्राचं राज्यपुष्प, उन्हाळ्यात त्याच्या जांभळ्या फुलांकडे सगळे बघतात. थंडीत त्याची वाळलेली बोंडं फुटपाथवर पडतात, त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. बोंड पिकलं की पाच-सहा पाकळ्यांत उकलतं आणि बी उडून गेल्यावर मागे लाकडात कोरल्यासारखं एक फूल राहतं. बाहेरून काळपट तपकिरी, आतून फिकट, आणि खाली वाळलेला निदल ताऱ्यासारखा पसरलेला. सोनमोहराच्या चपट्या, तांब्याच्या रंगाच्या शेंगाही मिळाल्या, बोटभर लांबीच्या, दोन्ही टोकांना निमुळत्या.

पण माझं सगळ्यात आवडतं म्हणजे सुरूची बोंडं. दिवाळीनंतर नागावला गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून पिशवीभर वेचून आणली. बोराएवढी असतात, पण दिसतात हुबेहूब पाइनच्या बोंडासारखी. मुंबईकडे नाताळचं झाड म्हणून वर्षानुवर्षं सुरूचीच फांदी उभी करत आले आहेत, ती उगीच नाही. गंमत म्हणजे सुरू पाइनच्या कुळातला नाहीच. सुईसारखी दिसते ती त्याची पानंही नव्हेत, त्या बारीक हिरव्या डहाळ्या, पेरापेराच्या. खरी पानं त्या प्रत्येक पेरावर कडं करून बसलेली असतात, नुसत्या खवल्यांसारखी, डोळ्याजवळ धरली तरच दिसणारी. लहानपणी आम्ही एक पेर हळूच उपटून परत बसवायचो आणि कुठे तुटलंय ते ओळखायला सांगायचो. त्याचं कारण हे.

आणलेली बोंडं ओलसर होती, तोंड मिटून बसलेली. गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरली आणि दोन दिवस उन्हं दिली. एकेका बोंडाने कितीतरी बारीक चोची उघडल्या. तिसऱ्या दिवशी कागदावर फिकट तपकिरी भुसा पडलेला दिसला. भिंग लावून पाहिलं तर ती बी होती, प्रत्येकीला काचेसारखा एक पंख. फुंकर मारली तर निम्मी गॅलरीबाहेर गेली. शेंगांनाही दोन दिवस ऊन दाखवलं, कारण त्यांत किडे असतात आणि ते मग घरातल्या लाकडाला लागतात.

लाल रंगासाठी हॉलीची फळं मिळायची नाहीत, पण आईच्या कवड्या-सागरगोट्यांच्या डब्यात मूठभर रतनगुंजा निघाल्या. टपोऱ्या, चकचकीत, पूर्ण लाल. साधी गुंज वापरायची नाही, काळा ठिपका असलेली ती विषारी असते आणि आमच्या मजल्यावर लहान मुलं आहेत. गुंजा बघून आईला सोनाराचं माप आठवलं. आठ गुंजांचा एक मासा, बारा मासे म्हणजे तोळा. माझ्या पाटल्या किती गुंजांच्या होत्या ते तिने तोंडी हिशोब करून सांगितलं, तिला तो आकडा चाळीस वर्षांनंतरही पाठ होता.

मग बांधणी. तीन सुरूची बोंडं, एक ताम्हणाचं फूल, मागे एक शेंग, असा एक झुबका करायचा. बोंडाच्या सगळ्यात खालच्या खवल्यांमधून तार फिरवायची आणि दोन पीळ द्यायचे. मी पहिले चार झुबके मनाला येईल तसे चुंबळीवर लावले. आई म्हणाली, "वेणी कशी करतात? तशी कर ना." खरंच की. अबोलीची वेणी करताना पुढच्या फुलाने मागच्या फुलाचा देठ झाकायचा असतो. सगळे झुबके एकाच दिशेने, प्रत्येकाचं डोकं आधीच्याच्या देठावर. मी सगळं सोडून परत सुरुवात केली. गोल फिरून आल्यावर शेवटचा झुबका अवघड जातो, कारण त्याचा देठ झाकायला पुढे कुणी नसतं. तिथे पहिल्या झुबक्याचं डोकं उचलून त्याखाली हा देठ सारायचा. आईने तोही तसाच सारला, पट्टीचं टोक सारलं होतं तसा. गुंजा फेविकॉलने ताम्हणाच्या फुलांत मधोमध बसवल्या. खाली तीन घुंगरू. फीत लावली पण तिचं टोक लांब सोडलं नाही. आखूड, घट्ट फूल बांधलं. कडीत अडकेल असं काही त्यात राहू द्यायचं नव्हतं.

तोरणाच्या खिळ्यालाच टांगली. खिळा दाराच्या चौकटीवर मध्यावर होता, चुंबळ बरोबर बसली. दार ओढताना घुंगरू एकदाच वाजतात. समोरच्या घरातला चार वर्षांचा मुलगा शाळेतून येताना रोज त्यांना हात लावू देण्यासाठी आजीला थांबवायचा, तिने उचलून धरल्याशिवाय पुढे जायचा नाही. वसईच्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिने नाताळच्या आदल्या दिवशी कुणाबरोबर तरी डबा पाठवला, आत फुगे होते. डबा परत करायचा अजून राहिला आहे, कारण तिळाच्या वड्या पाठवल्या त्या वेगळ्या डब्यात. नाताळ गेला, संक्रांत झाली, चुंबळ दारावरच होती. ती कुठल्या सणाची नव्हतीच, त्यामुळे उतरवायचा दिवस ठरलेला नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं की आई सांगायची, "चुंबळ आहे. थंडीची." एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी खोबरेल बाटलीतून सळसळत हातावर आलं. त्या आठवड्यात चुंबळ काढली. झुबके सोडवून बोंडं कागदाच्या खोक्यात भरून ठेवली, गुंजा डब्यात गेल्या.

मार्चमध्ये माठ आणला. ओट्यावर ठेवला तर बूड गोल, फरशीवर हलत होता. जुनी तिवई मोडली होती. मी खाली काय सारावं ते शोधत होते. आईने आतून विचारलं, "ती चुंबळ कुठे ठेवलीस?"

आणून दिली. तिने ती ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली, हाताने एकदा दाबून बघितली आणि वर माठ बसवला. तसूभर हलला नाही. संध्याकाळपर्यंत माठ पाझरला, पट्ट्या ओल्या होऊन गडद झाल्या आणि स्वयंपाकघरात पेंढ्याचा, थोडासा आंब्याचाही, वास सुटला.